मनोऱ्याची उजवी बाजू

"फोन यात टाका," असं म्हणत कमल सिस्टरनं स्टीलचा डबा आमच्यापुढं धरला. "जाताना परत मिळतील."

मी माझा फोन टाकला. आत्याबाईंनी कमरेची चंची सोडली, सुपारी, कात, मिश्रीची डबी असं एकेक चाचपत शेवटी आपला बटणांचा फोन बाहेर काढला आणि तोही डब्यात टाकला. वर झाकण बसलं. याच फोनवरून आत्याबाईंनी वेळ येताच एक मिस्ड कॉल द्यायचा, आणि तो गेला की पोलीस आत येणार, असं ठरलं होतं. मला चौथा महिना होता, आणि माझी निम्मी सुटका त्या डब्यात बंद झाली होती. उरलेली निम्मी आत्याबाईंच्या हातात होती.

"घाबरू नकोस गं," कमल सिस्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "काही कळतसुद्धा नाही. घटकाभराचं काम." बाई इतक्या मायेनं बोलत होती, की एरवी कुठं भेटली असती तर मी तिला घरी चहाला बोलावलं असतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला असंच हाक मारतात. त्या दिवशी त्या सासू म्हणूनच माझ्याबरोबर आल्या होत्या, पण सरकारच्या बाजूनं. निदान ठरलं तरी तसं होतं.

हे सगळं ओढवून घेतलं ते मीच, हौसेपायी. तेव्हा मी गावच्या हायस्कूलला भूगोल शिकवायचे. नववीला लोकसंख्येचा धडा चालला होता. जन्मदर, मृत्युदर, घनता, स्थलांतर. पोरं तोंडावर हात धरून जांभया देत होती. म्हटलं, पुस्तकातला देशाचा मनोरा राहू दे बाजूला, आपण आपल्या गावाचाच काढू. वाड्यावस्त्यांवर जाऊन माणसं मोजायची, वयाप्रमाणे थर लावायचे. तान्ही पोरं तळाला, म्हातारी शेंड्याला. पुरुष डावीकडं, बायका उजवीकडं. पोरांना भलताच चेव आला. मोठा पुठ्ठा आणून त्यांनी तो मनोरा रंगवला आणि वर्गात टांगला.

मग मी छडी घेऊन समजावून सांगायला उभी राहिले. शेंड्याला बायका जास्त का, तर आपल्याकडच्या म्हाताऱ्या चिवट असतात. मध्ये तरुणांचा थर डावीकडं खचलेला का, तर पोरं कामाला पुण्या-मुंबईला गेलीत. पुरुष घटतात तेव्हा कारण रस्त्यानं जाताना दिसतं, एसटीत बसून जातं. इथवर झकास चाललं होतं. पण सगळ्यांत खालचा थर, सहा वर्षांच्या आतला, उजव्या बाजूनं उंदरानं कुरतडल्यासारखा दिसत होता.

"मॅडम," पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "या बारक्या पोरी कुठं गेल्या कामाला?"

वर्ग खदखदून हसला. मी मात्र छडी खाली ठेवली आणि घंटा व्हायची वाट बघत उभी राहिले.

पुढं शाळेत आरोग्य तपासणीला तालुक्याच्या डॉ. निकम मॅडम आल्या. त्यांनी तो पुठ्ठा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मग माझ्या पोटाकडं पाहिलं. आमच्याकडच्या बायकांना गुपचूप तपासून देणारा एक डॉक्टर शेजारच्या तालुक्यात होता. मशीन बॅगेत घेऊन यायचा, ठरलेल्या दोनतीन जागा आलटूनपालटून वापरायचा. त्याला पकडायचं तर खरीखुरी गरोदर बाई गिऱ्हाईक म्हणून पाठवावी लागणार होती. "तुमच्या केसालाही धक्का लागू देणार नाही," मॅडम म्हणाल्या. माझे यजमान, प्रमोद, रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी म्हणाले, "जा. मी गाडीत बसतो पोलिसांबरोबर."

सासूचं सोंग एक लेडी कॉन्स्टेबल घेणार होती. पण कमल सिस्टर पक्की निघाली. फोनवर तिनं सांगितलं, सासूचं मतदानाचं कार्ड दाखवायचं, आडनाव सुनेशी जुळलं नाही तर वेशीवरूनच परत. तेव्हा खऱ्या सासूला सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

मला त्याचीच धास्ती होती. आत्याबाई वाईट नव्हत्या. मी शाळेत जायचे म्हणून पहाटे उठून माझा डबा करायच्या. पण आमच्याकडं मुलगा झाला की पेढे वाटतात आणि मुलगी झाली की बर्फी, आणि माझी ऋतू झाली तेव्हा आत्याबाईंनी बर्फी वाटली ती भावकीपुरती, तीही एवढाएवढासा तुकडा मोडून. माझे थोरले दीर अशोकदादा आणि जाऊबाई शालनताई पुण्याला. त्यांनाही एकच मुलगी. शालनताई गेली तीन वर्षं सणावारालासुद्धा गावी फिरकल्या नव्हत्या. शेताच्या वाटणीवरून काहीतरी बिनसलंय, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणजे नातवाची आस होती ती सगळी माझ्यावर येऊन ठेपलेली. अशा बाईला सांगायचं, की आपण खोटंखोटं तपासायला जाऊ आणि डॉक्टरला धरून देऊ.

प्रमोदनी सांगितलं. आत्याबाई घेवडा सोलत होत्या. त्यांनी शेवटची शेंग सोलली. मग टरफलं गोळा करत म्हणाल्या, "मी येते."

का, कसं, कुठं, काही विचारलं नाही. प्रमोदना वाटलं, आई किती समजूतदार. मला वाटलं, ही बाई खरंच तपासायला येतेय.

जीपमध्ये तो संशय बळावला. डॉ. निकम समजावून सांगत होत्या. आत तोंडानं काही सांगत नाहीत. आधी पेशंटला बाजूला नेतात, मग घरच्या मोठ्या बाईच्या हातावर गोड ठेवतात. पेढा किंवा बर्फी. ते खायचं नाही, पदराला बांधायचं, आणि लगेच मिस्ड कॉल द्यायचा. चंचीच्या तळाशी त्यांनी एक काडेपेटीएवढं रेकॉर्डर ठेवून दिलं.

"फोन काढून घेत्यात की," आत्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"घेणारच. चोराला काय अक्कल नसती?" आणि मॅडमकडं वळून म्हणाल्या, "भाईर नळ हाय का बघा. मी येऊन चूळ भरीन. मिश्रीवाली बाई कुठंबी चूळ भरती, कुणी बघत न्हाई."

मॅडमना ते फार आवडलं. साध्या कपड्यातला एक पोलीस समोरच्या पंक्चरच्या दुकानात बसेल आणि नळावर लक्ष ठेवेल, असं ठरलं. नळाची आठवण अशी अचानक कुणाला होते?

डेअरीच्या मागं एक बिनपाटीचा बंगला होता. फाटकातून शिरलो तर डाव्या हाताला खरंच नळ. कमल सिस्टर दार उघडून उभी होती. दारं दोन होती, आणि ती कुठलं ते सांगायच्या आधीच आत्याबाई डावीकडच्या दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, "चप्पल हितं काढ, वनिता."

त्यानंतर फोनचा डबा पुढं आला, आणि मी सुरुवातीला सांगितलं तिथं आपण पोचलो.

कमल सिस्टरनं मतदानाचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "अनुसया," ती नाव वाचून पुटपुटली आणि आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. "आजी, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय."

मी मान खाली घातली.

"बाजारात बघितलं आसंल," आत्याबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच दिसत्यात."

कमल सिस्टर हसली. मला आत घेऊन गेली.

डॉक्टर आधीपासूनच आत होता. तोंडाला मास्क. प्रवासाला नेतात तसली एक बॅग उघडी पडलेली आणि टेबलावर छोटं मशीन. त्यानं माझं नावही विचारलं नाही. पोटावर गार मलम लागलं, मग ते यंत्र फिरू लागलं. पडदा त्याच्याकडं वळवलेला. मी छताकडं बघत मनातल्या मनात पाढे म्हणायला लागले, बावीसचा पाढा, आणि बावीस सक्काला अडकले. त्यानं मान वर केली, कमल सिस्टरकडं पाहिलं, एवढंच. तिनं मान डोलवली. एक शब्द नाही.

"चल, जरा पडून राहा," ती म्हणाली आणि मला शेजारच्या खोलीत नेलं. एक खाट, एक टेबल, वर बंद खिडकी. तिनं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

कडी का घातली? नुसतं पडायचं तर कडी कशाला?

मधली भिंत प्लायवूडची होती. मी उठून तिला कान लावला. आत्याबाईंना आत बोलावल्याचं कळलं. खुर्ची सरकली. कागदाचा आवाज झाला.

"घ्या आजी, तोंड गोड करा."

मी कान आणखी दाबून धरला.

"बर्फी," आत्याबाई म्हणाल्या.

माझ्या पोटात मुलगी आहे हे मला असं, प्लायवूडच्या आडून कळलं. आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला, ऋतूला बहीण येणार म्हणून. आणि लगोलग भीती वाटली. कारण आता आत्याबाईंनी उठायला हवं होतं. उठायचं, बाहेर जायचं, नळ सोडायचा, चूळ भरायची. खुर्ची सरकल्याचा आवाज यायला हवा होता.

आवाज आला नाही.

"मग काय करायचं, आजी? घरी विचारताय का कुणाला?"

"घरात कुणाला इचारू? घरात मीच हाय." आत्याबाईंचा आवाज शांत होता, आठवडी बाजारात वांगी निवडताना असतो तसा. "आजच हुईल का?"

मी खाटेवर टेकले आणि पुन्हा उठून भिंतीशी गेले. ऐकवत नव्हतं आणि न ऐकता राहवतही नव्हतं.

"होईल की. डॉक्टर आहेत तोवर उरकून घेऊ."

"मग डाक्टरला बोलवा. त्यांनी सांगाया पायजे."

"आजी, डॉक्टर कुणाशी बोलत नाहीत. मी सांगते ना."

"तुमी कोण? सून माझी हाय, शेळी न्हाई कुणीबी वडून न्यायला. उद्या तिला काय झालं तर मी कुणाचं तोंड बघू? डाक्टरनं सोताच्या तोंडानं सांगितलं तर करते. न्हाईतर नेते दुसरीकडं. एकच डाक्टर हाय व्हय मुलखात?"

नेते दुसरीकडं. ऐकून मी भिंतीपासून मागं सरले. ही बाई नाटक करत नव्हती. नाटक करणारं माणूस एवढी घासाघीस करत नाही. बर्फी हातात पडली आणि हिचं मन फिरलं, नाहीतर घरून निघतानाच फिरलेलं होतं. पोलीस तिकडं पंक्चरच्या दुकानात बसलेत, माझा नवरा उसाआड उभ्या केलेल्या गाडीत बसलाय, आणि त्यांना बोलावणारं एकच माणूस आहे ते हे. मी खिडकी ओढून पाहिली. खिळे मारलेले होते. दाराला धक्का दिला. कडी हललीसुद्धा नाही. ओरडावं तर रस्त्यापर्यंत आवाज जाणार नाही आणि आतली माणसं तेवढी सावध होतील.

पावलं वाजली. डॉक्टरचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. बारीक, कंटाळलेला.

"हं, आजी. काय म्हणणं आहे?"

"ही म्हणती बर्फी. तुमी सांगा."

"मुलगी आहे."

"नक्की?"

"मशीन खोटं बोलतं का? चौथा चाललाय. आत्ता केलं तर सोपं जाईल. पुढं गेलात तर मी हात लावणार नाही."

"जिवाला काय हुनार न्हाई न्हवं?"

"नाही होत. आजच करून टाकू. सिस्टर, घ्या तयारीला."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या. "करा तयारी."

कडी निघाली. कमल सिस्टर ट्रे घेऊन आत आली. ट्रेमध्ये सुई, बाटली, कापूस. "हात दे बाळा," ती म्हणाली आणि माझ्या दंडाला रबराची नळी आवळायला लागली.

"मला लघवीला जायचंय."

"नंतर."

"मला नको हे. मला नाही करायचं."

आवाजातली माया कुठल्या कुठं गेली. "सासूनं सांगितलंय. इथवर येऊन नाटकं करायची नाहीत. हात सरळ ठेव."

"आत्याबाई!" मी किंचाळले. माझ्या तोंडून असा आवाज निघू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. "आत्याबाई, नको!"

"गप पड, पोरी!" पलीकडून त्या खेकसल्या. "आले मी चूळ भरून. तोंड निस्तं चिकाट झालंय."

चूळ. शब्द कानात शिरला, पण विश्वास बसेना. कमल सिस्टरनं कापूस दंडावर घासला. मी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा कुणावर तरी पाय उगारला. ट्रे भिंतीवर जाऊन आदळला, बाटली फुटली, ती मला शिव्या देत खाली वाकली. मी खाटेच्या कोपऱ्यात पोटावर दोन्ही हात धरून बसले. बाहेर नळाचं पाणी सिमेंटवर पडत होतं. मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. ते पडतच राहिलं. मग फाटक आदळलं आणि घरभर बूट वाजायला लागले.

प्रमोद आत आले तेव्हा मी त्यांच्याकडं न बघता विचारलं, "त्या कुठं आहेत?"

"आई? नळ बंद करतेय."

तेव्हा माझ्या पोटात होती ती मुलगी आता आठवीत आहे. भूगोल तिला मुळीच आवडत नाही.

पंचनामा त्याच बाहेरच्या खोलीत सुरू झाला. डॉक्टरचा मास्क आता हनुवटीवर आला होता. साधा, गोरा, आमच्या हेडमास्तरांसारखा दिसणारा माणूस. इन्स्पेक्टर खुर्ची ओढून लिहीत होते. डॉ. निकम मॅडमनी माझ्या दंडाची नळी सोडली आणि मला पाणी दिलं. आत्याबाईंनी पदराची गाठ सोडून बर्फीचा तुकडा टेबलावर ठेवला. त्यांनी तो तोंडालासुद्धा लावला नव्हता. कपाटात मिठाईचे दोन पुडे सापडले.

"गोड देणं हा गुन्हा आहे का?" डॉक्टर म्हणाला. "आमच्याकडं सगळ्यांनाच देतात. ही बाई बाळाची वाढ बघायला आली होती. मी काही बोललो नाही. सिस्टर काय बोलली ते मला माहीत नाही."

कमल सिस्टरनं त्याच्याकडं असं पाहिलं, की मला तिची क्षणभर कीव आली.

"बोललास की," आत्याबाई म्हणाल्या. चंची टेबलावर पालथी केली. सुपारी घरंगळली आणि ते काडेपेटीएवढं यंत्र बाहेर आलं. "म्हनून तर तुला भाईर काढला. मागल्या खेपेला तू तोंड उघडलं न्हवतंस."

इन्स्पेक्टरांचं पेन थांबलं.

माझ्याही आधी ते प्रमोदच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी भिंतीला हात टेकला. नळ, डावं दार, फोनचा डबा, सगळं माझ्यापुढं उभं राहिलं. इतका वेळ मी जिला भीत होते, ती बाई इथं खरोखरच येऊन गेलेली होती. माझा संशय खरा होता, फक्त माणूस चुकलं होतं. मी नव्हे, दुसरी कुणीतरी त्या खाटेवर पडली होती.

"मागच्या खेपेला म्हणजे?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"आजी, थांबा." डॉ. निकम पटकन पुढं झाल्या. "आजचं काम तुम्ही फार छान केलंत. आता जपून बोला. कायद्यात नेणाऱ्या घरच्यांवरही गुन्हा होतो. तुम्ही साक्षीदार आहात, तेवढंच राहू दे."

"मग निम्मंच लिवणार व्हय?"

"आजी, ऐका माझं."

"म्याडम, तुमी ऐका. ह्यो म्हनतोय सगळ्यास्नी गोड देतो. कोर्टातबी तेच म्हनंल. मग सांगाया नको, की हितंच, ह्याच खुर्चीवर मला तवाबी बर्फी दिली, आन् मग पुढं काय केलं?" त्या इन्स्पेक्टरांकडं वळल्या. "लिवा सायेब. तीन वर्सामागं माझ्या थोरल्या सुनंला मी हितं आणलं. शालन नाव. ती नको म्हनत हुती. मी आणलं."

आई, असं काहीतरी प्रमोदच्या तोंडून निघालं.

"बरोबर कोण होतं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

आत्याबाईंनी पदर तोंडाशी धरला. प्रमोदकडं पाहिलं. मला वाटलं, आता इथं त्या थांबणार. स्वतःचं सांगणं वेगळं आणि पोटच्या पोराचं सांगणं वेगळं. मी आई आहे, मला ते कळत होतं.

"गाडी त्योच चालवत हुता," त्या अखेर म्हणाल्या. "अशोक. भाईर फाटकात बसला हुता. लिवा."

लिहिण्याचा आवाज तेवढा येत राहिला. मला त्या म्हातारीचा राग आला होता, भयंकर राग, तिनं शालनताईंचं केलं म्हणून आणि मला खाटेवर पडू देऊन तिनं डॉक्टरला बोलतं करायची किंमत माझ्या भीतीनं भरली म्हणून. आणि त्याच वेळी तिच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही. उभी राहिले.

शेवटी इन्स्पेक्टरांनी वाचून दाखवलं. आत्याबाईंनी प्रत्येक कागदावर अंगठा दिला. फाइल मिटली. डॉक्टरला आणि कमल सिस्टरला बाहेर नेलं. फोनचा डबा उघडला, आमचे फोन आम्हाला परत मिळाले. आत्याबाईंना पोलिसांच्या गाडीतून ठाण्यात जावं लागणार होतं. त्या चंची आवरत होत्या.

"थोरलीला फोन लाव," त्या मला म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. दुसऱ्या कुणाकडनं कळाया नको. तिला म्हनावं, आत्याबाईनं सांगून टाकलं."

मी त्यांच्याच फोनवरून लावला. त्या फोनचा आवाज मोठा होता, कमी ऐकू येतं म्हणून प्रमोदनी तसा करून दिलेला. पलीकडं घंटी बराच वेळ वाजली. सासूचं नाव बघून त्या उचलणार नाहीत असंच मला वाटलं. पण उचलला.

"ताई, मी वनिता," मी म्हटलं आणि सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टर, बंगला, पोलीस. "आणि आत्याबाईंनी तुमचंही सांगितलं. स्वतःहून. अशोकदादांचं नावसुद्धा दिलं."

तिकडं कुकरची शिटी झाली, कुणीतरी गॅस बंद केला.

"तुला धक्का नाही ना लागला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मुलगी आहे?"

"हो, ताई."

"चांगलं झालं." मग अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, "किती सांगितलं त्यांनी?"

"किती म्हणजे?"

"मला दोनदा नेलं होतं, वनिता. पहिल्यांदा मी घाबरून गप्प बसले. दुसऱ्यांदा मी त्यांचे पाय धरले होते, त्या फाटकात, चपला काढतात तिथं. त्या दुसऱ्या वेळेचं सांगितलं का त्यांनी?"

आत्याबाई माझ्यासमोरच बसल्या होत्या. मोठा आवाज होता, सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी चंचीची दोरी ओढली होती ती तशीच हातात राहिली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. फोनकडं पाहिलं.

"सांग तिला, थांब म्हनावं," त्या म्हणाल्या. "फोन ठेवू नको म्हनावं."

मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दारातून बाहेर पडणाऱ्या इन्स्पेक्टरांना त्यांनी हाक मारली.

"सायेब, कागद परत काढा."

इन्स्पेक्टर मागं वळले. "काय राहिलं, आजी?"

"म्या एकच सांगितलं. दोन हायेत."

ते परत येऊन खुर्चीवर बसले आणि त्यांनी फाइल उघडली. मी फोन तसाच वर धरून उभी राहिले. पलीकडं शालनताई ऐकत होत्या, आणि आत्याबाई पहिल्यापासून सांगू लागल्या.